नर्सबाईंच्या कमरेचा चाकू

माझा धाकटा भाऊ खाडीत बुडाला, त्या दिवशी होडीत आम्ही सात जण होतो आणि एकाकडेही चाकू नव्हता. नांगराच्या दोरात त्याचा पाय अडकला होता. आम्ही त्याचे हात धरून ठेवले. गाठ सुटेना, तेव्हा पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वाकून दोराला दात लावले होते.

पुढच्या आठवड्यापासून बाई कमरेला चाकू खोचून येऊ लागल्या. रोज होडीत चढल्यावर त्या पिशवीतून सुंभाचा तुकडा काढत, एका झटक्यात कापून बघत आणि मगच पदर आवरून बसत.

एकट्या राहणाऱ्या बाईजवळ चाकू म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं बाजारात बोललं जाई.

“नर्सबाय, कुनाला भोसकायचा हाय?” एकाने होडीतच विचारलं.

“रांग लावा,” बाई म्हणाल्या.

एका सकाळी तांडेलाने होडी सोडलीच नाही. “बाय, मानसं भितान. चाकू घरी ठेव, न्हायतर उतर.”

दुसरी होडी नव्हती. उतरल्या असत्या तर बाईंची नोकरी गेली असती.

“नवरदेवाच्या हातात कट्यार चालते, बाळंतिणीच्या उशाखाली चाकू चालतो. माझ्याच कमरेचा कसा बोचतो सगळ्यांना? मी उतरणार नाही. आणि तांडेल, त्या दिवशी तुम्हीही होतात.”

तांडेलाने होडी पाण्यात ढकलली.

बाई अजून रोज त्याच होडीने जातात. बाकीचे त्यांच्यापासून दूर बसतात. मी त्यांच्या शेजारी बसतो.