आप्पांच्या नावेतले लोड

मला कापडातलं सगळं कळतं, असं मी पंधरा वर्षं समजत होतो. हा गैरसमज शेवटी माझ्या वडिलांच्या पाठीवर उमटला, तोही मरून रंगात.

सुरतेत प्लेग येऊन गेला त्यानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेली ही गोष्ट. आम्ही कोसाडला राहायचो. मी पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात होतो. कापडाचा रंग पक्का आहे की नाही, हे तपासणं माझं काम. (हे वाक्य लक्षात ठेवलं नाही तरी चालेल. मलाही ते विसरायचंच आहे.) वडील, म्हणजे आप्पा, आयुष्यभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिले. लूम सुटला आणि त्याच वर्षी माय गेली. त्यानंतर आप्पा बोलायचे थांबले. रागानं नाही, रुसून नाही. सांगण्यासारखं माणूस घरात उरलं नाही म्हणून थांबले असावेत. "जेवलात का?" तर मान हलवायचे. एवढंच. वर्षभर आमच्या घरात आवाज होता तो माझी बायको मंगला आणि प्रेशर कुकर या दोघांचाच.

मग एक दिवस आप्पांनी अमरोलीकडच्या काठावरून एक जुनी, इंजिनाची छोटी नाव घेतली. आमचं घराणं मूळचं मासे धरणारं. खानदेशात गावाला आजोबा याच तापीत जाळं टाकायचे. आप्पा पहाटे जायचे, उन्हं वर यायच्या आत यायचे, आणि आल्यावर बोलायचे! आधी माशांबद्दल, मग पाण्याबद्दल, मग मंगलाच्या कालवणात मीठ कमी पडल्याबद्दल. मीठ कमी पडल्याचं ऐकून मंगला आनंदानं रडली. सासऱ्याचा टोमणा ऐकून अशी रडणारी सून मी दुसरी पाहिली नाही.

म्हणून आप्पांची कंबर धरली तेव्हा घरात सगळे घाबरलो. नावेच्या मागच्या टोकाला, इंजिनाच्या दांड्यापाशी, बसायला एक उघडी फळी होती आणि टेकायला नावेचा कडक काठ. इंजिन सुरू झालं की मणका न् मणका मोजून घ्यायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पाठीला मऊ आधार करा, नाहीतर नाव बंद करा."

नाव बंद म्हणजे आप्पा बंद. हे मला आणि मंगलाला न बोलता कळलं.

"अमरोलीले रिक्षाना सीट शिवस ना तो, त्याले सांगा," मंगला म्हणाली. "फोम आन् रेक्झिन. अर्ध्या दिवसनं काम."

"फोम?" मी असा हसलो की आता आठवून कानशिलं तापतात. "आपण खानदेशी माणसं. आप्पांच्या पाठीला फोम लावायचा? घरचा कापूस असताना?"

गावाकडे चुलतभावाचं कपाशीचं शेत होतं. त्याला निरोप धाडला. त्यानं दोन पोती कापूस ट्रकवाल्याबरोबर पाठवला. मंगलानं मूठभर हातात घेऊन चोळला.

"अहो, यामा सरकी शे. पिंजी आना पहिले."

"सरकीनं लोड भरीव होतो," मी म्हणालो. हे ज्ञान मला कुठून मिळालं ते आजही सांगता येणार नाही. त्या क्षणी तयार झालं आणि तोंडातून बाहेर पडलं.

वरून कापड कोणतं? आमच्याकडे मखमली कापडाचा मरून तुकडा पडून होता. मी स्वतः तपासलेला! गरम पाण्यात घातला, साबणात घातला, घासला. रंग तसूभर हलला नव्हता. दोन रविवार खपून मी दोन लांब लोड, एक तक्क्या आणि बसायची गादी शिवली. लोडांना टोकाला गोंडेसुद्धा लावले.

आप्पांच्या शेजारी नाव लावणारे ठाकोरकाका, अस्सल सुरती. मी सुतळीनं लोड काठाला आवळत होतो तेव्हा ते विडी विझवून बघत राहिले.

"आ होडी छे के जानीवासो?"

"काका, लग्नाच्या वऱ्हाडासाठी नाही, आप्पांच्या पाठीसाठी."

"ते तो ठीक. पण भाय, एमां पाणी भराई जहे!"

"जाड कापड आहे, काका. मला कापडातलं कळतं."

आप्पा बसले. टेकले. गोंडा हातात धरून पाहिला. मग म्हणाले, "बरं शे." एवढ्यावर मी आठवडाभर मिलमध्ये ताठ मानेनं फिरलो.

आता कापूस पाणी पितो, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण किती पितो, हे मला तापीनं शिकवलं. पंधरा दिवसांत उजवीकडचा लोड इतका फुगला की नाव त्या बाजूला कलून चालायला लागली. मग माझा रविवारचा कार्यक्रम ठरला. लोड सोडायचे, सायकलवर लादायचे आणि कोसाडच्या गच्चीवर उन्हात टाकायचे. त्याच गच्चीवर कॉलनीतल्या बायकांच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत असत. बिबड्यांना मासळीचा वास लागल्यावर मंगलाला खाली उभं करून जे ऐकवण्यात आलं, ते तिनं मला शब्दश: ऐकवलं. शिवाय कॉलनीतली सगळी मांजरं आमच्या लोडांवर बैठक मारून असायची.

मी हार मानणारा नव्हतो. लोड वरून वाळले (आतून नव्हते, पण आत कोण बघतो?) की मी त्यांच्यावर प्लास्टिक शिवून टाकलं. पाणी आत जायला नको! पाणी अर्थातच आधीच आत होतं. आता ते बाहेर येईना. उन्हात लोड गरम व्हायचे, आतून वाफ धरायची, आणि सुईच्या भोकांतून मरून पाणी झिरपायचं. मिलमध्ये आम्ही गरम पाण्यात रंग तपासला होता, साबणात तपासला होता. आठ-आठ दिवस वाफेत कुजवून कोण तपासतं?

महिन्यानं आप्पांना दाखवायला नेलं. डॉक्टरांनी सदरा वर केला आणि हातातली नळी खाली ठेवली. खांद्यापासून कमरेपर्यंत लालजांभळी पाठ!

"काका," त्यांनी हळू विचारलं, "कोणे मार्या?" आणि विचारताना बघितलं माझ्याकडे.

आप्पा गप्प. त्या गप्प बसण्यानं माझी केस आणखीच पक्की झाली. मी स्पिरिटचा बोळा घेऊन पाठ पुसून दाखवली, तेव्हा कुठे डॉक्टरांचा आवाज खाली आला.

त्यानंतरच्या रविवारी मी काठावर गेलो तर ठाकोरकाका मला बोलवायलाच निघाले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि नावेपाशी उभं केलं. डाव्या लोडाच्या शिवणीतून, प्लास्टिक वर उचलून, हिरवे कोंब बाहेर आले होते. एक नाही, दोन नाही. रांगेत! सरकी रुजली होती. नावेला कपाशी उगवली होती!

मला हसू फुटलं. काका हसले नाहीत.

"तारो बाप आठ दाडाथी ऊभो ऊभो होडी हांके छे. खबर छे तने?"

मला खबर नव्हती. लोड ओले, गादी ओली, म्हणून आप्पा आठ दिवस उभ्यानं नाव हाकत होते. तुटकी कंबर घेऊन. घरी येऊन एक शब्द बोलले नव्हते.

धावत घरी आलो. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या सकाळी त्यांना उठताच आलं नव्हतं, आणि घरातून निघताना मला ते कळलंही नव्हतं.

"आप्पा, सांगितलं का नाही? काढून फेकायचे ना लोड!"

"तू हौसमा शिवात," आप्पा म्हणाले. "मंग कसा काढू मी?" मग भिंतीलाच म्हणाले, "नाव ईकी टाक."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. रंग, कापड, कापूस, सगळं तपासलं होतं. जो माणूस त्यावर बसणार, त्याला "कसं वाटतं?" एवढं विचारायचं राहिलं होतं.

नाव विकली नाही. मंगलानं मला न विचारता रिक्षाच्या सीटवाल्याला काठावर नेलं आणि फळीवर फोमची गादी ठोकून घेतली. तीन आठवड्यांनी आप्पा काठी टेकत नावेत चढले. बसायला गादी झाली होती, पण टेकायचं कशाला? काठ तसाच कडक होता. आप्पांनी आजूबाजूला पाहिलं, मग माझ्याकडे.

"ये. बठ आठे. मनाकडे पाठ कर."

मी बसलो. आप्पा माझ्या पाठीला पाठ लावून टेकले. हाडं टोचली. इंजिन सुरू झालं. मधल्या धारेला लागल्यावर आप्पा बोलायला लागले. गावाकडची तापी, पुराच्या पाण्यातून आणलेली नवरी, ती नवरी म्हणजे माय, तिला पाण्याची किती भीती होती आणि तरी ती नावेत कशी बसली. माय गेल्यापासून तिचं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं होतं. त्यांचा चेहरा बघावा म्हणून मी वळलो.

आप्पा मागच्या मागे जाळ्यात पडले.

"अरे लोडनी हालानं नही!" नदीभर ऐकू जाईल असे ओरडले.

तेव्हापासून दर रविवारी मी नावेत न हलता बसतो. मी केलेला एकही लोड दोन महिने टिकला नाही. आप्पांनी केलेला हा एक मात्र पावसापाण्यात अजून चालतोय, फक्त मध्येच शिंकतो अशी त्यांची तक्रार आहे!