रस्त्याच्या मधोमध दोन सुपं

मंडळी, आज सकाळी निपाणीत आमच्या गल्लीत एका मेसेजवरून वातावरण तापलं. गल्लीच्या एका तोंडाला आमचा बुद्धविहार, दुसऱ्या तोंडाला मशीद. दोन्हीकडं माणसं जमायला लागली. मीही ग्रुपवर तिखट उत्तर लिहीत होते.

तेवढ्यात समोरच्या खातूनमावशी काठी टेकत बाहेर आल्या. काखेत विड्या वळायचं जुनं सूप. रस्त्याच्या मधोमध बसल्या आणि माझ्या आईला हाक मारली, "आक्का, ये गं."

मला ऐंशीच्या दशकातला एक दिवस आठवला. तेव्हा मी शाळेत होते. असंच वातावरण तापून दगड पडले होते. साक्षरता वर्गाच्या बाईंनी आई-खातूनमावशींसारख्या विडी वळणाऱ्या बायकांना अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या एका पुढाऱ्याची गोष्ट सांगितली होती. मार खाल्ला तरी हात उचलायचा नाही, रस्त्यावर बसायचं. आई म्हणाली होती, "नुसतं बसून मजुरी बुडंल की. सुपं घिऊन बसू." आई आणि खातूनमावशी दिवसभर रस्त्यात विड्या वळत बसल्या. आयांच्या डोक्यावरून दगड कोण मारणार?

आज सुपात ना पान होतं ना तंबाखू. तरी आई आपलं सूप घेऊन शेजारी जाऊन बसली. दोघींची बोटं सवयीनं रिकाम्या सुपात फिरत राहिली.

"मावशी, लई ऊन हाय, घरला जावा," कुणीतरी म्हणालं.

"आदी तुमी जावा. मग आमी उठतो."

हळूहळू सगळे गेले. मी माझं उत्तर पुसलं.

तुमच्या गल्लीत असं मधोमध कोण बसतं? आमच्याकडं या दोघींनंतर कोण, हे कुणाला विचारवेना. माळ्यावर तिसरं सूप शोधतेय.