वीस मिनिटांचा मालक

"ऊठ की आता. झाला फोटो."

मी उठलो. अण्णांनी कारकुनाला हाक मारली आणि म्हणाले, "जरा ओलं फडकं फिरव रे खुर्चीवरनं."

एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. कोप्पीकर रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात, चार माणसांसमोर, मी उठलेल्या खुर्चीवरून ओलं फडकं फिरलं. आधी बैठकीवरून, मग पाठीवरून, मग खुर्चीच्या दोन्ही हातांवरून. मी भिंतीला टेकून बघत राहिलो.

त्या दिवशी मी डोक्यावरून आंघोळ करून गेलो होतो. अंगात पांढरा शर्ट, तोही अण्णांनीच फोटोपुरता दिलेला, नवा कोरा, कॉलरची टाचणीसुद्धा तशीच. तेलाचा डाग नाही, लोखंडाचा कीस नाही. मग पुसलं काय?

धूळ असेल, असं मी स्वतःला समजावलं. या रस्त्याला धूळ फार. पण मी बसायच्या आधी कुणी खुर्ची पुसली नव्हती. धूळ काय माझ्या बुडाला चिकटून आली होती?

मी वेल्डर. गोकुळ रोडला अण्णांची पत्र्याची शेड आहे, तिथं अठरा वर्षं वेल्डिंगचा होल्डर धरला. जात ढोर. आजा कातडं कमवायचा, बाप चपलांच्या कारखान्यात. मी लोखंडाकडं वळलो, म्हटलं लोखंडाला वास येत नाही. अण्णा म्हणजे शेडचे धनी. त्यांच्या आज्यानं सांगली भागातून इथं कन्नड मुलखात येऊन पेढी टाकली. त्यांच्या घरातही मराठी, माझ्या घरातही मराठी. बाजारात दोघंही कन्नड बोलतो. एवढं सगळं सारखं, म्हणून मला बरीच वर्षं वाटायचं की ते मला आपल्यातला समजतात.

सरकारी कामांतली काही कामं आमच्या लोकांच्या छोट्या धंद्यांसाठी राखीव असतात. शाळेचे बाक, वसतिगृहाच्या खाटा, खिडक्यांच्या जाळ्या. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, की हा धंदा अमक्याचा आणि तो अमक्या जातीचा. अण्णांकडं धंदा होता. जात माझ्याकडं होती.

काही वर्षांमागं ते शेडवर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच. म्हणाले, "मेस्त्री, तुझ्या नावानं फर्म काढू या. तू मालक. मी आपला मागं उभा."

तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. खांद्यावर आलेला हात खाली काही तरी दाबायला येतो, हे मला कळायला हवं होतं. पण मालक हा शब्द गोड लागला, खोटं कशाला बोलू. जिथं बोट दाखवलं तिथं सही केली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं तीच वेल्डिंगची काळी काच, तोच होल्डर, तोच पगार. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. सुवर्णाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी वर्षभर सांगितलंसुद्धा नाही.

मग नियम बदलले.

आता नुसता दाखला आणि सही चालणार नव्हती. प्रमाणपत्र पुढं चालू ठेवायचं तर अधिकारी जागेवर येणार, कागदावरचा मालक खरोखर धंदा चालवतो का ते बघणार, त्याला प्रश्न विचारणार. कामाच्या जागेवरचे त्याचे फोटो जोडायचे, आताचा एक आणि मागच्या वर्षांचे दोन-तीन. कारकुनानं मला हे वाचून दाखवलं. आमच्या वस्तीत लोक खूश झाले. म्हणाले, आता बोगस लोक जातील. मी मात्र खूश नव्हतो. नियम चोराला धरायला निघतो आणि दारात जो उभा दिसेल त्याची मान पकडतो. दारात माझं नाव उभं होतं.

म्हणून मला कोप्पीकर रोडला बोलावलं. फर्मचा नोंदणी नंबर पाठ करवून घेतला. बँकेची शाखा कुठली, माल कुठून येतो, माणसं किती, सगळं शाळेतल्या पाढ्यासारखं. चुकलो की अण्णा हसायचे, "अरे, मालकाला एवढं तरी यायला पाहिजे की." मग खुर्चीत बसवलं, समोर फाईल ठेवली, हातात पेन दिलं. वीस मिनिटं मी मालक होतो. त्यानंतर ओलं फडकं.

घरी येऊन जेवता जेवता सुवर्णाला सांगितलं. ती मशिनीवर ब्लाऊज शिवत होती. पाय थांबवले नाहीत तिनं. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "त्यांनी पुसली ते कळलं. पण तुम्ही बसलासा कशाला? खुर्ची तुमची न्हवतीच की."

मी ताट सारलं आणि तिच्यावर ओरडलो. अण्णांवर ओरडायचं ते तिच्यावर. वड्याचं तेल वांग्यावर. ती गप्प बसली, पण तिचं म्हणणं गप्प बसेना.

आता नवमीची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथंच फुटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोकुळ रोडवरच्या प्रत्येक शेडमध्ये हत्यारांची पूजा असते. आमच्याही. दोन दिवस आधीपासून मी मशिनी पुसायचो, ग्राइंडरला तेल द्यायचो, होल्डर घासून लख्ख करायचो, झेंडूचे हार बांधायचो. पूजेच्या सकाळी अण्णा आणि वहिनी सोवळ्यात यायचे. भटजी यायचे. आणि आम्ही शटरच्या बाहेर. बाहेर व्हा असं कुणी म्हणायचं नाही. आम्हीच व्हायचो. वर्षभर ज्या मशिनीवर माझा हात भाजला, तिला त्या दिवशी माझा हात लागायचा नाही. आरती झाली की अण्णा शटरपाशी यायचे आणि प्रसाद वरून ओंजळीत टाकायचे. पेढा टपकन पडायचा.

मला यात कधी काही वाटलं नाही. ही सगळ्यात लाजेची गोष्ट आहे, म्हणून लिहून ठेवतो. फडक्यानं वाटलं, पेढ्यानं अठरा वर्षं वाटलं नाही.

मागच्या वर्षांचे फोटो हवेत म्हटल्यावर कारकुनानं शोधाशोध केली. वेल्डिंग करणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढतो? शेडमध्ये फोटो निघतात ते वर्षातून एकदाच, नवमीला. त्यांनी तेच जोडले. अण्णांनी स्वतः बघून जोडले. झेंडू, केळीचे खांब, कुंकू लावलेल्या मशिनी, सगळं झकास दिसत होतं. त्यांना त्यात काही वावगं दिसलंच नाही.

तपासणीला आल्या त्या एक मॅडम. वयानं माझ्यापेक्षा लहान, हातात जाड फाईल. त्या दिवशी सकाळी कोप्पीकर रोडची ती खुर्ची टेम्पोतून शेडवर आली होती. मला तिच्यात बसायला सांगितलं. मी बसलो नाही, उभाच राहिलो. अण्णा बाजूच्या स्टुलावर, सल्लागार म्हणून. चहा आला. आता सगळ्यांना कागदी कप असतात. त्यामुळं कोण काय मानतो ते चहावरून कळायचं बंद झालंय.

"मालकरु यार्री?" मालक कोण, असं मॅडमनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडं हात केला. मी मान हलवली.

त्यांनी कन्नडमध्ये विचारायला सुरुवात केली. नंबर, बँक, माणसं. मी पाढा म्हटला. मग त्यांनी फाईल मिटली आणि पाठ न केलेला प्रश्न विचारला, की शाळेचा बाक डुगडुगू नये म्हणून काय करता?

मी सांगितलं. आधी चारी कोपऱ्यांना नुसते टाके मारतो, दोन्ही कर्ण मोजतो, सारखे भरले की मगच पुरतं वेल्डिंग. एकाच बाजूनं सलग ओढत गेलं तर पाईप तापून खेचला जातो आणि बाक लंगडा होतो. पोरगं त्यावर बसून लिहिणार असतं.

मॅडम हसल्या. काही तरी चांगलं लिहिलं असावं, कारण अण्णांचा चेहरा खुलला. मलाही बरं वाटलं. तेवढ्यात मला स्वतःचाच संशय आला. मी कुणासाठी पास होतोय?

सही करता करता मॅडमनी फोटो उलटले. एकावर थांबल्या.

"हे पूजेला बसलेत ते कोण?"

"मी," अण्णा म्हणाले. "वयानं मोठा म्हणून बसवतात मला."

"आणि मालक कुठं आहेत यात?"

अण्णा फोटोवर वाकले. कारकून वाकला. त्यांना मी सापडेना. मग मीच बोट ठेवलं. शटरच्या बाहेर, उन्हात, अर्धा चेहरा. हातांची ओंजळ धरलेली.

मॅडमनी एकदा फोटोकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. "तुमच्याच शेडमध्ये तुम्ही बाहेर का?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले. हसत, समजावत, घरचं काही सांगावं तसं. "त्यांच्यात तशी पद्धतच आहे, मॅडम. पूजेला ते स्वतःच आत येत नाहीत. आम्ही किती बोलावतो."

त्यांच्यात तशी पद्धत आहे.

फडकं मी गिळलं होतं. पेढा गिळला होता. हे घशाखाली जाईना. बाहेर ठेवलं त्यांनी आणि पद्धत झाली आमची. माझ्या बापाच्या, माझ्या आज्याच्या नावावर ते आपलं सोवळं खपवत होते, जशी फर्म माझ्या नावावर खपवली. कामं घ्यायला आमची जात आणि दोष द्यायलाही आमचीच जात. मी मॅडमकडं वळून थंडपणे म्हटलं,

"आमची पद्धत नाही ती. अठरा वर्षांत मला एकदाही कुणी आत बोलावलेलं नाही. आणि ना मालक अल्लरी, मॅडम. मी मालक नाही. मी इथं वेल्डर आहे."

शेडमधला ग्राइंडर कुणी तरी बंद केला.

अण्णा म्हणाले, "भांबावलाय तो, मॅडम. सायेब माणसांची सवय नाही त्याला." मग माझ्याकडं वळून, मराठीत, हळूच म्हणाले, "मेस्त्री, घरी बायको आहे तुझी. नीट विचार कर."

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं सह्या केल्यात. लिहून दिलंत तर कारवाई तुमच्यावरही होईल. कळतंय ना? बोलायचं नसेल तर मी ऐकलं नाही असं समजते."

त्या मला वाचवत होत्या की गप्प करत होत्या, ते मला आजही ठरवता येत नाही. त्यांचा चेहरा चांगला होता. पण चांगले चेहरे मी पुष्कळ बघितलेत. अण्णांचाही चांगलाच आहे.

मी म्हटलं, "कागद द्या."

त्या खुर्चीवर नाही, बाकावर बसलो. मीच जोडलेल्या. एका पानावर कन्नडमध्ये लिहिलं. माझं अक्षर वाईट, हात होल्डरला सरावलेला. लिहिलं की फर्म माझ्या नावाची आहे, माझी नाही. सह्या माझ्या आहेत, मला फसवून घेतलेल्या नाहीत. मालक म्हणवून घ्यायची हाव होती, म्हणून केल्या. खाली सही केली. वाचून केलेली माझी पहिली सही.

काम त्याच दिवशी सुटलं. पांढरा शर्ट धुऊन, इस्त्री करून मी परत पाठवला. प्रमाणपत्र रद्द झालं. चौकशीची नोटीस आली, ती माझ्या नावानं. अण्णांना अजून आलेली नाही. वस्तीतले काही लोक तोंड फिरवतात. म्हणतात, तुझ्यामुळं आता आपल्या सगळ्यांचेच कागद चाळणार. त्यांचं खोटं नाही. आमच्यातल्या खऱ्या मालकांनाही आता आपण खरे आहोत हे दारोदार सिद्ध करावं लागणार. ते पाप माझ्याही माथ्यावर आहे. ते मी कुणावर ढकलणार नाही.

परवा ऐकलं, अण्णांना दुसरा माणूस मिळालाय. आमच्याच जातीचा. त्याच्याही खांद्यावर हात गेला असेल. मी त्याच्या घरी गेलो. त्यानं दार अर्धंच उघडलं. मी दारातूनच खुर्चीची, फडक्याची, फोटोची सगळी गोष्ट सांगितली. त्यानं ऐकलं आणि दार लावलं. मी परत जाणार आहे. दार लावलं तर तिसऱ्यांदा जाईन.

उणकलला तळ्याच्या मागं एक पत्र्याचा आडोसा भाड्यानं घेतलाय. एक जुनी मशीन आहे. सुवर्णानं शिवणाचं काम वाढवलंय. नव्या नियमांचा फॉर्म मी आणला. तिनं मोठ्यानं वाचला, मी ओळ न् ओळ समजून घेतली, तीनदा. एका रकान्यात विचारलंय, मालक धंदा स्वतः चालवतो याचा पुरावा काय? अठरा वर्षं माझ्या हातचे बाक या जिल्ह्यातल्या शाळांत उभे आहेत, पण त्यांच्यावर माझं नाव नाही. कागदावर मी काल जन्मलो. अर्ज बहुतेक नाकारतील. चौकशीतला माणूस म्हणून तर नाकारतीलच.

नाकारू देत. मी पुन्हा भरीन. चौकशीला बोलावतील तेव्हा जाईन. माझा गुन्हा मी सांगेन आणि अण्णांचा त्यांच्यासमोर, त्यांचं नाव घेऊन सांगेन. तपासणीला माणूस आला तर त्याला बसायला बाक आहे. खुर्ची मी घेतलेली नाही, घेणारही नाही.

यापुढं माझं नाव जिथं बसेल तिथं मी बसेन. मला जिथून उठवतील, तिथून माझं नावही उठवून घेऊन येईन.