चौकी नंबर नऊचा तेरावा भाग

मोहिनीने कॅसेटचे पाचही स्क्रू काढून वरचं झाकण उचललं तेव्हा रंगूबाईंनी गळ्यावरचा रुमाल घट्ट दाबून धरला. टेपच्या रिळावर पांढरी बुरशी चढली होती, शिळ्या भाकरीवर चढते तशी. नाशकातल्या द्वारका चौकातल्या तिच्या दुरुस्तीच्या दुकानात स्पिरिटचा वास भरला होता आणि रंगूबाईंचा श्वास नाकातून नाही, गळ्याला पाडलेल्या भोकातून चालत होता. मोहिनीने त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि स्टूल आणखी पुढे ओढलं.

ही गोष्ट २००५ सालची. त्याआधी सहा वर्षं रंगूबाईंच्या तोंडून एक शब्दही निघाला नव्हता.

मूळच्या त्या देवळ्याच्या. लग्न होऊन नाशकात आल्या आणि काही वर्षं एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचं काम केलं. सटाणा, नामपूर, कळवण ही नावं त्यांनी घेतली की झोपलेला प्रवासीही पिशवी उचलून उठायचा, असं लोक म्हणत. नवरा धोंडीराम केबल चालवायचा. दीडशे घरांत त्याची वायर गेली होती. १९९३ साली मुंबईच्या जुन्या बाजारातून त्याने कॅसेटचा एक खोका आणला, त्यात तेरा कॅसेट निघाल्या. लेबलं फाटलेली, भाषा इंग्रजी. तीस वर्षांपूर्वीची कुठली तरी परदेशी मालिका होती ती. अंतराळात एक चौकी, तिच्यावर सात माणसं, आणि ती माणसं म्हणजे दोऱ्यांवर नाचणाऱ्या लाकडी बाहुल्या. धोंडीराम कॅसेट पुसून त्यांवर सिनेमे भरणार होता. रंगूबाईंनी पहिला भाग पाहिला आणि खोका आपल्याकडे ओढून घेतला.

मालिकेला नाव त्यांनीच दिलं, ‘चौकी नंबर नऊ’. त्या मॅट्रिक झालेल्या होत्या. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक भाग दहा-दहा वेळा पाहायच्या आणि मराठी संवाद लिहायच्या. धोंडीरामच्या व्हीसीआरवर चित्राला धक्का न लावता नुसता आवाज बदलायची सोय होती. दुपारी दारं-खिडक्या लावून, माइक हातात धरून त्यांनी सातही बाहुल्यांचे आवाज काढले. चौथ्या भागात शेजारच्या कुकरची शिट्टी शिरली, ती तशीच राहिली. रविवारी सकाळी केबलवर भाग लागला की गल्लीत क्रिकेट बंद पडायचं.

लोकांना आवाज आवडायचा. रंगूबाईंना आवडायची ती दुसरीच गोष्ट. बाहुल्यांना नीट चालता येत नाही, म्हणून त्यांना सतत खुर्चीत, यानात, सरकत्या पाटावर बसवलेलं असतं, हे त्यांनी हेरलं होतं. बटण दाबणारा हात जवळून दाखवला की तो खऱ्या माणसाचा असतो, हेही. कप्तानाची डावी पापणी थोडी उशिरा मिटायची. ते पाहून त्यांना त्या पापणीची दोरी ओढणारं कुणीतरी दिसायचं, वरती फळीवर ओणवं होऊन, कंबर धरून उभं असलेलं. एवढ्या माणसांनी एवढी खटपट केली आणि स्वतः कुठे दिसले नाहीत, याचं त्यांना फार वाटायचं.

१९९९ मध्ये आवाज बसला. आधी घसा असेल म्हणून काढे झाले. मग तपासणीत गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला. पुढे वही आणि पेन्सिल हेच त्यांचं बोलणं झालं. केबलचा धंदाही मोठ्या लोकांच्या हाती गेला. कॅसेट माळ्यावर पडून राहिल्या, आणि २००५ मध्ये साफसफाईत धोंडीरामने खोका उघडला तर आत ही बुरशी.

मोहिनीने आठ दिवसांत बारा भाग वाचवले. एकेक टेप हाताने उलगडून पुसायची, झाकण काढलेल्या व्हीसीआरवर एकदाच चालवायची, आणि त्याच वेळी कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यायची. सहावा भाग मधेच तुटला, तो तिने चिकटवला. रंगूबाई रोज येऊन बसत होत्या. धोंडीराम पहिल्या दिवशी स्पीकरमधून बायकोचा आवाज आल्यावर जो रस्त्याकडे तोंड करून बसला, तो भाग संपेपर्यंत वळला नव्हता.

आता तेरावा. टेपची वरची कड बराच लांबवर चुरगळलेली होती. मोहिनीने ती भिंगाखाली धरली आणि मग सरळ सांगितलं, “काका, आवाज या कडेवरच असतो. टेप सैल सोडली तर चित्र येईल, आवाज बहुतेक जाईल. आवाज पकडायचा तर ताण वाढवावा लागेल. मग टेप उभी फाटू शकते. फाटली तर दोन्ही गेलं.”

“आवाजच पकड,” धोंडीराम म्हणाला.

कारण होतं. शेवटच्या भागाच्या अखेरीस त्याने हट्टाने बायकोला स्वतःचं नाव घ्यायला लावलं होतं. ‘मराठी आवाज, रंगूबाई.’ बारा भागांत ती सात बाहुल्या होऊन बोलत होती. स्वतः म्हणून बोललेली टेपवर होती ती फक्त तिथे, आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही.

रंगूबाईंनी वहीत लिहिलं आणि वही मोहिनीकडे नाही, नवऱ्याकडे सरकवली. *सैल सोडायला सांगा.*

त्याने वाचलं. “रंगू, बारा भागांत बाहुल्या आहेतच ना. हे एवढं एकच माझ्यासाठी राहू दे.”

रंगूबाईंनी वही परत ओढली. मग लिहिलं, *आवाज माझा होता. बाहुल्या दुसऱ्यांच्या आहेत. त्यांचा शेवट आपल्या हातून फाटायला नको.*

धोंडीराम दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. मोहिनीने दोघांकडे पाहिलं, टेप सैल केली आणि बटण दाबलं.

चोवीस मिनिटांचा भाग होता. पहिली पाच मिनिटं आवाज तुटक तुटक आला, एखादा ‘कप्तान’, एखादं ‘ऐका’, आणि मग नुसती खरखर. अकराव्या मिनिटाला टेप किंचाळली. पडद्यावर मुंग्या आल्या. मोहिनीचं बोट थांबवायच्या बटणावर गेलं, पण मधेच थांबवलं तर टेप व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमला चिकटण्याची भीती. ती बोट तसंच धरून बसली. रंगूबाईंच्या गळ्यातून श्वास शिट्टीसारखा वाजू लागला होता, स्पिरिटने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. चुरगळलेला तुकडा ड्रमवर चढला, एकदा थरथरला आणि पलीकडे उतरला. मुंग्या विरल्या. चौकी दिसली, तिच्या पोटात लागलेली आग दिसली आणि सरकत्या पाटावर बसून एकेका बाहुलीला यानात चढवणारा कप्तान दिसला.

धोंडीराम केव्हा आत आला ते कुणाला कळलं नाही. शेवटची तीन-चार मिनिटं तो बायकोच्या मागे उभा राहून पाहत होता. जिथे तिचं नाव यायचं तिथे काहीच आलं नाही. टेप शेवटपर्यंत गेली, रीळ थांबलं. मोहिनीने फाइल जतन केली आणि कपाळ पुसलं.

धोंडीरामने विचारलं, “तो कप्तान सगळ्या भागांत बसूनच का असतो गं?”

रंगूबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने स्वतःच्या केबलवर ही मालिका चार वेळा दाखवली होती. त्यांनी वहीचं नवं पान उलटलं आणि लिहायला लागल्या. पान भरलं, दुसरं घेतलं. धोंडीरामने शेजारचं स्टूल ओढलं आणि त्या लिहितील तसतसं त्यांच्या खांद्यावरून वाचत राहिला.