साडेपंधराची कॉलर

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाई मशीनवरचे. चाळीस वर्षं पाय मारून गुडघे पार कामातून गेले, पण नजर अजून शाबूत. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की छाती-कंबर डोळ्यांनीच मोजून मोकळे! टेप आपली गिऱ्हाइकाच्या समाधानापुरती.

मुलगा नोकरीला लांबच्या शहरात. दर रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल. फोन बायकोच्या हातात, आणि मास्तर शिवायला घेतलेल्या शाळेच्या गणवेशांच्या ढिगाआडून डोकावणार.

"जेवलास का रे?"

"जेवलो, आई."

"बरा आहेस ना?"

"एकदम मस्त!"

झालं, आटपला कॉल. दोन वर्षं हेच. मास्तरांना आताशा त्याचाही शीण येई. बोलणं व्हायचं, पण पोरगा भेटला असं काही वाटायचं नाही.

त्या रविवारी बायको म्हणाली, "अहो, त्याला दोन शर्ट शिवा ना. माप विचारू का?"

"जुन्याच मापाने शिवा, बाबा," मुलगा घाईघाईने म्हणाला.

एवढी घाई कसली? मास्तरांनी चष्मा सावरून फोन हातात घेतला. नेहमीचाच हसरा चेहरा. खाली त्यांनीच शिवलेली कॉलर, साडेपंधरा इंची.

"वरचं बटण लाव बरं."

"कशाला?"

"लाव म्हणतो ना!"

त्याने लावलं. गळा आणि कॉलरमध्ये दोन बोटं मावावीत, तिथे आता चार सहज गेली असती. गळा एवढा उतरला, तर अंगाचं काय झालं असेल! आणि आपण, हाडाचे टेलर, दर रविवारी त्याचे दात बघत बसलो.

"कधीपासून रे?"

मुलाचं हसू मावळलं. "सहा-सात महिने झाले. एकट्याला घास उतरत नाही, बाबा. फोन ठेवला की खोली खायला उठते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आई किती खूश असते कॉलवर. कसं सांगणार?"

बायको मटकन खाली बसली. मास्तरांना एकाएकी चाळीस वर्षांचा थकवा एकदम आल्यासारखं झालं. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळून खिशात घातली.

"जुनं माप गेलं चुलीत. नवीन घ्यायला मी येतोय."

"अहो बाबा, तुमचे गुडघे! आणि गणवेश?"

"पोरं जातील चार दिवस जुन्या कपड्यांत. तू फक्त दोघांचं शिजवून ठेव."

"तिघांचं!" बायको बसल्या जागेवरून ओरडली.