मुखवट्याची मागची बाजू

मिलिंद गेल्याची बातमी मला सेलूच्या स्टेशनावर कळली. परभणीला त्याच्याकडेच निघालो होतो. तिकीट हातात होतं आणि त्याच्या मुलीचा फोन आला... काका, बाबा गेले, सकाळी, झोपेतच. मी आपला त्याच गाडीत बसलो. दुसरं काय करणार? आता महिना उलटलाय, रडून झालंय, जरा सरळ लिहिता येईल असं वाटतं.

आम्ही दोघांनी एकाच कॉलेजात उभी नोकरी काढली. मी इतिहास शिकवायचो, तो पदार्थविज्ञान. पण जुन्या वस्तूंचं वेड त्याला माझ्यापेक्षा जास्त, ही माझी कायमची पोटदुखी. मी नाणं उलटून राजा कोण ते बघायचो. त्याला राजाशी काही देणंघेणं नसायचं, धातूत काय काय कालवलंय ते हवं असायचं. पुण्याच्या एका संस्थेतून तो अधूनमधून एक्स-रेचं यंत्र मागून आणायचा. दिसायला थेट पिस्तूल. वस्तूला तोंड टेकवून घोडा दाबला की तांबं किती, कथील किती, शिसं किती ते पडद्यावर उमटायचं. ओरखडा नाही, तुकडा काढणं नाही. हातात मात्र कायम रबरी मोजे. मी एकदा त्याच्या टेबलावरचं तांब्याचं नाणं सहज उचललं तर माझ्यावर असा खेकसला की काय सांगू. घामातलं मीठ तांबं खातं, बोटाचा ठसा बसला की बसला, असं अर्धा तास ऐकवलं. वर चहाही पाजला नाही.

वालूरला माझ्या काकांच्या देवघरात गावच्या देवीचा मुखवटा असतो. यात्रेपुरता देवळात जातो, एरवी घरीच. पंचधातूचा आहे, त्यात सोनं आहे, असं सगळं गाव सांगतं. मिलिंदही वालूरचाच. त्याची आजी यात्रेत पायरीपासून लांब उभी राहायची, नारळ जमिनीवर ठेवायची आणि दुसरा कुणी तो उचलून आत न्यायचा. पुढे घर बौद्ध झालं आणि देवळाशी संबंध संपला. देवीकडे त्याला काही मागायचं नव्हतं, पण तो धातू त्याला बघायचा होता. किती वर्षं माझ्या मागे लागला होता! शेवटी मीच काकांना पटवलं. यंत्र काही करत नाही, न शिवता मोजतं, असं जरा सोपं करून सांगितलं. काका लगेच तयार झाले. शिवायचं नाही म्हटल्यावर त्यांची काहीच हरकत नव्हती.

आम्ही गेलो. काकांनी ताटात मुखवटा ठेवला आणि सांगितलं, दुरूनच बघा. मिलिंदने यंत्र बोटभर अंतरावर धरून दाबलं. आकडे आले, पुन्हा दाबलं तर वेगळेच आले. त्याने यंत्र खाली ठेवलं.

“काका, दुरून खरं कळत न्हाई. टेकवावं लागतं. अन् मुखवटा मला हातात धरावा लागल.”

काकांनी ताट मागे ओढलं. मला वाटलं आपण तोड काढू, म्हणून मी म्हणालो, मुखवटा मी धरतो, तू यंत्र चालव. मोजमापाच्या दृष्टीने त्यात काही अडचण नव्हती. मिलिंदने माझ्याकडे बघितलं... रागाने नाही, नाण्यावरचा राजा मी चुकीचा ओळखला की बघायचा तसं.

“मग ऱ्हाऊ दे, मास्तर,” एवढंच म्हणाला आणि यंत्र पेटीत भरायला लागला. इतक्या वर्षांची हौस, पण गडी खरंच निघाला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू आल्या. पदराला हात पुसले, ताटातून मुखवटा उचलला आणि सरळ त्याच्यापुढे धरला.

“धर बाबा. दर साली मी चिंचंनं घासते तिला. माझे हात काय सोन्याचे हायेत का?”

काका उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मिलिंदने मुखवटा घेतला. मोजे पिशवीतच होते. मी खुणेने विचारलं, तर म्हणाला, “आज न्हाई.”

मग तासभर त्याने नाक, कपाळ, हनुवटी, पाठ, सगळीकडे यंत्र टेकवलं. तांबं, कथील, थोडं शिसं. सोनं कुठेच नाही. काकांनी बाहेरूनच दोनदा विचारलं, सोनं किती निघालं? शेवटी कानामागच्या खाचेत, जिथे बोट जात नाही तिथे, सोन्याचा माग लागला. म्हणजे कधीकाळी सगळ्या चेहऱ्यावर मुलामा होता आणि घासून घासून गेला. काकूंचा चेहरा उतरला, माझ्याच हातानं गेलं का म्हणाल्या. मिलिंद हसला. तुमच्या नाही, तुमच्या सासूच्या सासूपासून चाललंय ते, म्हणाला. काका आत आले, कानामागे बघून खूश झाले. मग चहा झाला, सगळ्यांना सारख्याच कपांत. परतताना मोटारसायकलवर मागे बसून तो कथिलाबद्दलच बोलत राहिला, हाताबद्दल चकार शब्द नाही.

परवा काकूंना सांगायला वालूरला गेलो. आता काका नाहीत, काकूंनाही नीट दिसत नाही. ऐकून भिंत धरत उठल्या, देवघरातून मुखवटा आणून माझ्या मांडीवर पालथा ठेवला. पुढून लखलखीत, चिंचेने नुकताच घासलेला. मागची बाजू काळपट पडली होती आणि कडेला, त्याहूनही काळा, एका अंगठ्याचा ठसा होता. रेषान् रेष दिसत होती.

मी काकूंकडे बघितलं.

“मागून न्हाई घासत मी,” त्या म्हणाल्या. “तवापासून.”