नवी काच घेऊन धानोऱ्याला

जायचं ठरवलं ते मायनं, मी नाही. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत आणि गडचिरोली त्याचाच एक तालुका होता. माझी मोठी बहीण, जिला आम्ही घरात बाई म्हणायचो, धानोऱ्याजवळच्या एका खेड्यात नांदत होती. लग्नाला तीन वर्षं झालेली, माहेरी आली ती एकदाच. दर दोन महिन्यांनी जावईबुवांचं पत्र यायचं आणि त्यात ‘सर्व खुशाल’ एवढंच असायचं. मायचे गुडघे गेलेले, तिला हा प्रवास झेपणारा नव्हता. एकदा पत्र वाचून झाल्यावर ती म्हणाली, “हे त्यायच्या हातचं लिवलेलं हाये. मले तिचं तोंड पाह्यचं हाये. तुह्या डब्यात घेऊन ये.”

डबा म्हणजे माझा कॅमेरा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा, जर्मन, दोन भिंगांचा. खालचं भिंग फोटो घेतं, वरचं तेच चित्र माथ्यावरच्या काचेवर दाखवतं. तो पोटाशी धरायचा आणि खाली मान घालून काचेत बघायचं. आजच्या मोबाइलवाल्यांना हे पटणार नाही, पण फोटोग्राफरला समोरच्यावर नजर रोखावी लागत नसे, हे त्या कॅमेऱ्याचं सौजन्य होतं. अडचण एकच, काच म्हातारी झालेली. पिवळी, अंधुक. झाडाखाली माणूस उभा केला की काचेवर नुसता काळोख दिसायचा, आणि मला जायचं होतं जंगलात.

आमच्या गल्लीतल्या देवाजीभाऊंचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यांनी पातळ काच कापून घेतली आणि एमरीची पूड पाण्यात कालवून, दर दोन दिवसांनी आणखी बारीक पूड घेत, पंधरा दिवस घासली. एक बाजू गुळगुळीत, दुसरी इतकी नाजूक खरखरीत की बोटालाही जेमतेम कळावी. ती बसवली आणि दुकानासमोरच्या कडुनिंबाचं पानन् पान दिसलं! देवाजीभाऊंनी स्वतः बसवून दिली, काहीतरी बजावलंही. पण नव्या वस्तूच्या आनंदात कोण ऐकतो?

चांद्याहून मूल गावापर्यंत मोटार सर्व्हिसची गाडी. मुरमाची सडक, दोन्ही बाजूंना सागवान, आणि मूल येईपर्यंत प्रवाशांचे चेहरे एकाच लाल रंगाचे. आता दोन-अडीच तासांत थेट गडचिरोलीला पोचता येतं, पण वाटेत मूलला थांबा, चहा घ्या. मीही घेतला होता, आणि तिथेच शहाणपणा केला. काचेवर धूळ दिसली म्हणून चार स्क्रू काढून ती बाहेर काढली आणि धोतराच्या सोग्यानं पुसली. चहावाला जवळ येऊन म्हणाला, “काऊन भाऊ, घडी दुरुस्त करून राह्यले का?” त्याला कॅमेऱ्याचं शास्त्र ऐकवता ऐकवता काच परत बसवली. कुठली बाजू वर, असा प्रश्न क्षणभर पडला खरा. पण आमच्या घरात वाटणाच्या पाट्याला टाकी लावली की ती खरखरीत बाजू वर ठेवतात, एवढं मला लहानपणापासून ठाऊक होतं. तशीच ठेवली.

पुढे वैनगंगा. आता पूल आहे, तेव्हा गाडी अलीकडे सोडायची आणि नावेतून पलीकडे जायचं. नदीवर मी हावरटासारखे फोटो काढले. नावाडी, वाळू, पाण्यातले बैल. पलीकडच्या तीरावरची झाडं मात्र काचेवर नीट उमटेनात, कडा विरघळल्यासारख्या. मी हिवाळ्यातल्या धुक्याला बोल लावला. धुकं मुळीच नव्हतं.

गडचिरोलीत धर्मशाळेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीनं धानोऱ्याची वाट, शेवटचा टप्पा बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं. दोन्हीकडे कापलेल्या धानाचे पुंजणे, उंच ढीग, रचलेले. बारा फोटोंच्या रिळातले अकरा वाटेतच उडवले. धानोऱ्याला रीळ मिळेल, असं मला वाटलं होतं. चांद्याच्या पोराची अक्कल ती तेवढीच.

बाईच्या घरी नव्या तांदळाचा भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण झालं. असा भात पुन्हा कुठे खाल्ला नाही. वाढताना बाईचा पदर नाकापर्यंत होता, कारण समोर सासरे बसलेले. त्यांना सगळे मामाजी म्हणत. उंच, मोजकं बोलणारे गृहस्थ. सून त्यांच्यासमोर तोंड उघडं टाकत नसे, ती त्या घराची रीत. मी बाईला हळूच म्हटलं, परसात चल, तुझा एक फोटो काढतो, मायनं मागितलाय. ती म्हणाली, “मामाजीच्या आंधी माह्या? नाई जमत, बाबू.”

मामाजींनी तोवर फेटा बांधला होता. घरधन्यानं आपल्या ओसरीतच बसायचं, असं म्हणून ते खाटेवर ताठ बसले. ओसरीत उजेड कमी, भिंग पूर्ण उघडावं लागणार होतं. असं उघडलं की एकाच अंतरावरचं स्पष्ट येतं, पुढचं-मागचं धूसर होतं. मी मान खाली घातली. आणि काचेत दिसलं, मामाजींच्या मागे दीड-दोन हातांवर, दाराच्या चौकटीत, बाई येऊन उभी होती. मामाजींना ती दिसत नव्हती, माझी मान खाली होती, तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. तिनं पदर मागे सारला आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.

एकच फोटो उरलेला. दोघांपैकी एकाचाच चेहरा स्पष्ट येणार होता. मायचा शब्द कानात होता, आणि समोर ज्यांचं मीठ खाल्लं ते वडीलधारे, आयुष्यातला पहिला फोटो काढून घेत होते. मी मामाजींच्या मिशीवर नेम धरला, मिशीचा केस न् केस काचेवर दिसेपर्यंत, आणि खटका दाबला. परतीच्या वाटेवर मला स्वतःची लाज वाटत होती.

चांद्याला येऊन फिल्म धुतली. पलीकडच्या तीरावरची झाडं खणखणीत आली होती. शेवटच्या फोटोत मामाजी म्हणजे फेटा घातलेला ढग, आणि त्यांच्या मागे बाई, कपाळावरच्या बटेसकट. देवाजीभाऊंनी कॅमेरा उघडून पाहिला आणि डोक्याला हात लावला. खरखरीत बाजू खालीच पाहिजे, भिंगाकडे, हेच त्यांनी बजावलं होतं. मी काच उलटी बसवली होती, म्हणून ज्यावर नेम धरला त्याच्या मागचं टिपलं गेलं.

मायनं तो फोटो खिडकीशी नेला. किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक, गुडघ्यांचं तिला भानच नव्हतं. मग म्हणाली, “लय वाळली माही पोरगी. पण माह्याकडंच पाहून राह्यली.” त्या दिवशी मला पाट्याची आणि देवाजीभाऊंची, दोघांची पूजा करावीशी वाटली.

पण पुढच्याच उन्हाळ्यात मामाजी गेले. जावईबुवा चांद्याला आले, म्हणाले, फोटो काढला होता ना, तो द्या, घरात दुसरा नाही. मी शरमेनं तोपर्यंत त्यांना पाठवलाच नव्हता. सगळं खरं सांगितलं. ते फोटो जवळ धरून, मग लांब धरून बघत राहिले. वडिलांचा चेहरा शोधत होते आणि तो तिथे नव्हता. कागदात गुंडाळून घेऊन गेले. ते शोधणं मला अजून सोसत नाही.

पुढे अनेकदा त्या घरी गेलो. फोटो ओसरीत चौकटीत लावलेला, मामाजींची तेवढीच आठवण. पण त्याला कधी हार घातला नाही. मागे बाई होती ना, जिवंत माणसाच्या फोटोला हार कसा घालायचा? बापाच्या पुण्यतिथीलाही जावईबुवा चौकटीखाली नुसतं फूल ठेवायचे.

काच मी फिल्म धुतली त्याच आठवड्यात सुलटी केली, पुढे हजारो फोटो काढले, सगळे जिथे नेम धरला तिथेच आले. त्यातला एकही मी इतक्या वेळा आठवलेला नाही.

मागच्या हिवाळ्यात बाई गेली, नव्वदी ओलांडून. गुडघे आता माझेही गेलेत, मी इथे चंद्रपुरातच होतो. तेराव्याला भाच्याचा फोन आला. म्हणाला, “मामा, त्या फोटोले आता हार घालू का?”

मी घाल म्हणालो.